जिन्यानं उतरणारी विमानं

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला खोली दाखवलीच नाही. थेट मागच्या बागेत नेलं, एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, शेजारच्या खुर्चीत स्वतः बसल्या आणि म्हणाल्या, "डोळे मीट."

मी मिटले. नवीन नोकरी, परका देश, रीडिंग शहरातली भाडी ऐकून घाम फुटलेला. त्या बाईंनी एका पायावर उभं राहा म्हटलं असतं तरी राहिले असते. थोड्या वेळानं डोक्यावरून एक विमान गेलं.

"काय ऐकलंस?"

"विमान."

"ते कुणीही ऐकेल. कसं आलं?"

कसं आलं म्हणजे? आकाशातून आलं. पण गरज मला होती, म्हणून जरा आठवून म्हटलं, "मधेच गुरगुरल्यासारखं झालं."

"हं. मग राहशील तू. खोली वरती, उजवीकडे. आणि मला काकू म्हणायचं नाही. तुझे काका कोण, मला ठाऊक नाही. डॉक्टर म्हणायचं."

झालं. खोलीत गेल्यावर कळलं की खिडकी नीट लागत नाही. पण तोपर्यंत मी चहा पिऊन होकार देऊन बसले होते.

घर मेडनहेडला होतं. एकीकडे रीडिंग, ट्रेननं जवळ. दुसरीकडे लंडनचा मोठा विमानतळ, तोही जवळ. माझं ऑफिस रीडिंगला. आमची कंपनी आवाजाची कामं घ्यायची, रस्त्यांचा, रेल्वेचा, विमानांचा. आवाज मोजायला यंत्र असतं, ते खांबाला बांधून ठेवलं की झालं. पण त्या आवाजानं माणसाला वैताग किती येतो, हे यंत्राला कळत नाही. त्यासाठी दारोदार माणूस पाठवावा लागतो. तो माणूस म्हणजे मी. हातात टॅबलेट, चेहऱ्यावर हसू आणि प्रश्न एकच: शून्य ते दहामध्ये तुमचा वैताग किती? लोक मला बघून पडदे ओढून घेत, तो माझा वैताग मात्र कुणी कधी मोजला नाही. बाईंना ही नोकरी कळली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे तुला देवानंच पाठवलंय." देवानं नव्हे, एका वेबसाइटनं पाठवलं होतं, पण बाईंशी वाद घालण्यात अर्थ नसे.

बाई मूळच्या मिरजेच्या. नवऱ्याबरोबर इकडे आल्या, दोघंही डॉक्टर. नवरा कधीच गेला होता. बाई भूलतज्ज्ञ होत्या, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी पेशंटला भूल देणाऱ्या, आणि सगळी हयात त्यांनी इथल्या सरकारी हॉस्पिटलात काढली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सर्जन डोळ्यांनी काम करतो आणि भूलतज्ज्ञ कानांनी. पेशंटच्या बोटाला लावलेलं यंत्र टिक टिक करत असतं. रक्तातला प्राणवायू उतरायला लागला की त्या टिकटिकीची पट्टीही खाली उतरते. "यंत्राकडे बघत बसलं की उशीर होतो," बाई सांगत. एकदा म्हणे एक सर्जन ऑपरेशन करताना मजेत गुणगुणत होता. बाई म्हणाल्या, "गाणं बंद कर, मला ऐकू दे." तो चिडला. पण श्वासाची नळी सरकली होती, आणि ते आधी बाईंच्या कानाला कळलं. पेशंट वाचला. सर्जन पुढे त्यांच्यासमोर कधी गायला नाही. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली की मीच त्या ऑपरेशनला हजर असल्यासारखं मला वाटायला लागलं होतं.

निवृत्त झाल्यावर हा कान रिकामा बसला आणि विमानांकडे वळला.

आमच्यावरून विमानं रोज जात नसत. वारा पश्चिमेचा असला की ती लंडन शहराच्या बाजूनं उतरत आणि आमचं आकाश मोकळं राही. पूर्वेचा वारा सुटला की सगळी वरात आमच्या डोक्यावरून. बाईंनी कपडे वाळत घालायच्या दोरीला इरकली साडीचा एक फाटका काठ बांधून ठेवला होता. सकाळी उठून आधी त्या काठाकडे बघायच्या. तो शेजाऱ्याच्या कुंपणाकडे फडफडत असला की पश्चिमेचा वारा, मग बाई पेपर वाचत. घराकडे फडफडायला लागला की पूर्वेचा. मग गरम कोट, मफलर, थर्मास आणि खुर्ची.

विमान उतरण्याच्या दोन तऱ्हा त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावल्या. मी आवाजाच्या कंपनीत नोकरीला असूनही, ऑफिसातल्या कुणी मला इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. घरातल्या जिन्यावर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "हे बघ. एक पायरी उतरले, थांबले. दुसरी उतरले, थांबले. काही विमानं अशी उतरतात. थोडं खाली यायचं, मग तेवढ्याच उंचीवर सरळ चालायचं. सरळ चालताना ते पडू नये म्हणून इंजिन वाढवावं लागतं. तेच तुझं गुरगुरणं. आणि ते वर ढगात नाही, इथे आपल्या कौलांवर. दुसरी तऱ्हा म्हणजे उतार. वरून जे निघालं ते एकसलग घसरत येतं. इंजिन जवळजवळ गप्प. नुसती हवा कापल्याचा आवाज."

"आणि पाय?" मी विचारलं. कारण बागेत बसून बसून 'पाय काढले, पाय काढले' असं ओरडताना मी त्यांना ऐकलं होतं.

"पाय म्हणजे चाकं गं. चाकं बाहेर काढली की वारा त्यांत अडकतो, घोंघावतो. शहाणा पायलट पाय उशिरा काढतो. काही मेले लांबूनच पाय लोंबकळत ठेवून येतात, पाण्याला घाबरणाऱ्या पोरांसारखे."

नियम एकच. वर बघायचं नाही. वर बघितलं की कान आळशी होतो, असं त्यांचं मत. डोळे मिटून त्या बोलत, "उतार. उतार. जिना. उतार, पण पाय लवकर." कुंपणापलीकडे एक वेल्श आजोबा राहत, निवृत्त ट्रेन ड्रायव्हर. त्यांच्या फोनवर एक ॲप होतं, त्यात कुठलं विमान किती उंचीवर आहे ते दिसे. बाईंनी 'जिना' म्हटलं की ते फोन बघून "बरोबर, डॉक्टर" म्हणत. चुकलेल्यानं चहा करायचा, अशी दोघांची पैज. त्या दिवसांत तरी चहा कायम आजोबांनीच केला. इंग्लिश चहा, नुसता कोमट. बाई तो विजयाच्या आनंदात पिऊन टाकत.

या सगळ्यात एक विमान मात्र वेगळं होतं. सकाळी येणारं मुंबईचं.

ते येण्याची वेळ झाली की बाई स्वयंपाकघरातून ब्रेडचा एक तुकडा आणि भांडंभर पाणी घेऊन मागच्या दारात उभ्या राहत. भाकरी रोज कोण करतंय, म्हणून ब्रेड. विमानाचा आवाज आला की पायरीवर येऊन, मान खालीच ठेवून, तो तुकडा आकाशाच्या दिशेनं ओवाळायचा, वरून पाणी फिरवायचं आणि दोन्ही गवतात लांब टाकायचं. लांबच्या प्रवासातून घरी आलेल्या माणसावरून उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकतात ना, तोच. फक्त इथे माणसं शेकड्यांनी, ओळख एकाशीही नाही आणि उंबरा आकाशात.

"अहो डॉक्टर, ते विमान जिन्यानं आलं," मी एकदा मुद्दाम म्हटलं. "पायही लवकर काढले. आवाज तर सगळ्यात मोठा."

"असू दे. रात्रभर अवघडून बसलेली असतात माणसं."

"म्हणजे वैताग किती लिहू?"

"शून्य," बाई म्हणाल्या. "आवाज कानाला लागतच नाही गं. आत कोण बसलंय, त्यावर असतं."

हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमच्या साहेबांना इंग्रजीत सांगितलं. ते म्हणाले, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे, पण कुणाला ते सोडवता आलेलं नाही. इकडे बाईंनी गवतात टाकलेला तुकडा खायला आधी कावळे यायचे. त्यांच्यावर डोळा ठेवून या भागातल्या तांबूस घारी वर गोल गोल फिरत, पण ब्रेड बघितल्यावर निराश होऊन निघून जात.

रीडिंगच्या मंडळाच्या गणपतीत एका सॉफ्टवेअरवाल्यानं बाईंना छेडलं होतं. शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला, झांजा, ताशा, पोरांचा आरडाओरडा. तो म्हणाला, "काय डॉक्टर, विमानाच्या नावानं शंख करता आणि इथे आरतीत हा कल्ला चालतो तुम्हाला?" बाईंनी झांज वाजवायची न थांबवता उत्तर दिलं, "या कल्ल्यात मी आहे. त्या कल्ल्यात मला कुणी विचारलंय?" तो बिचारा प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

आता त्यांच्या मुलीबद्दल सांगायला हवं. मुलगी इथेच जन्मलेली, मँचेस्टरला डेंटिस्ट, कामाला वाघ आणि स्वभावानं आईवर गेलेली. म्हणजे दोघी एका खोलीत असल्या की मी वर जाऊन बसे. एकदा ती न सांगता आली आणि दारात भिजत उभी राहिली. बेल वाजवून वाजवून दमली. बाई आत भाजी चिरत होत्या. शेवटी मी ऑफिसातून आले तेव्हा दार उघडलं.

"आई, मी किती वेळ बेल मारते! तुझा कान चेक कर. फोनपण तू उचलत नाही. हा घर खूप मोठा आहे तुला एकटीला. स्मोक अलार्म वाजला आणि तुला ऐकू नाही आला तर?"

"हा घर नाही, हे घर," बाई म्हणाल्या. "आणि बेल खराब आहे. मला तीन हजार फुटांवरून विमानाचे पाय ऐकू येतात. तुझी बेल ऐकू येत नाही, तर दोष कुणाचा?"

मुलगीही हटली नाही. "ओके. मग डील कर. ज्या दिवशी तुला विमान ऐकू येणार नाही, त्या दिवशी तू मँचेस्टरला माझ्याकडे येणार. आर्ग्युमेंट नाही."

"डील," बाई थाटात म्हणाल्या. मँचेस्टरला मुलीच्या फ्लॅटमध्ये राहणं म्हणजे काय, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. "बाग नाही. कुंपण नाही. भांडायला शेजारी नाही. सकाळी उठून मी कशाला उठले, हे कोण सांगणार मला?" बेल मी तपासली. चांगली खणखणीत होती. पण मोठ्या आवाजाची नवी बेल आणून बसवली आणि काही बोलले नाही. म्हाताऱ्या माणसाशी कुठे वाद घाला.

विमानतळाच्या लोकांनी त्या हिवाळ्यात चर्चच्या हॉलमध्ये सभा बोलावली. उतरण्याची पद्धत बदलून बघायची होती. सगळी विमानं उतारानं, इंजिनं मंद, पाय उशिरा. अशी चाचणी करायची आणि खालच्या लोकांचा वैताग कमी होतो का ते बघायचं. हे बघण्याचं काम आमच्या कंपनीकडे, म्हणून मीही कोपऱ्यात टॅबलेट घेऊन बसलेली. एक तरुण अधिकारी रंगीत नकाशे दाखवत होता. सरासरी आवाज अमुक, सरासरी फरक तमुक. बाई उभ्या राहिल्या.

"सरासरी काढून मी कधी कुणाला भूल दिली नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुम्ही जे करणार आहात ते लोकांना कळलेलंच नाही. मी दोन विमानं उतरवून दाखवते."

आणि डोळे मिटून, भर सभेत, ऐंशीला टेकलेल्या त्या बाईंनी तोंडानं विमान उतरवलं. आधी जिन्यानं. लांबून घूंऽऽ करत आलं, मधेच घशातून गुर्र करून चढलं, परत बसलं, परत गुर्र, मग पाय काढल्याचा तो घोंघाट, गाल फुगवून. लोक आधी हसले. मग हसायचे थांबले, कारण ते अगदी तसंच होतं, त्यांच्या छपरांवरचं. मग बाईंनी दुसरं उतरवलं. एक लांब श्वास, वरून खाली, कुठेही न अडखळता, आणि संपला. तो अधिकारी म्हणाला, "डॉक्टर, माझी पुढची सगळी चित्रं आता दाखवायची गरज नाही." वेल्श आजोबांनी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. मला त्या दिवशी बाईंचा फार अभिमान वाटला, आणि तो मी घरी जाताना बोलूनही दाखवला. त्या म्हणाल्या, "घसा बसला मेला."

चाचणी वसंतात सुरू होणार, असं पत्रक घरोघर आलं. पूर्वेच्या वाऱ्यानं मात्र दडी मारली. अखेर एका सकाळी साडीचा काठ घराकडे फडफडला आणि बाई खुर्चीत जाऊन बसल्या. संध्याकाळी मी आले तर चेहरा उजळलेला.

"उतार! सगळी उतारानं! अगं, नुसती हवा. काही काही तर आली कधी नि गेली कधी, कळलंसुद्धा नाही."

मला काही फारसा फरक वाटला नव्हता. पण बाईंच्या कानापुढे माझा कान तो काय! त्यांनी गल्लीभर फिरून सगळ्यांना सांगितलं. हवा सुंदर होती, लोक बागेत आलेले, आणि डॉक्टर म्हणतायत म्हणजे असणारच. मी टॅबलेट घेऊन दारोदार फिरले तर एकेक जण हसतमुख. मागच्या वर्षी आठ-नऊ सांगणारे आता तीन-चारवर आलेले. "हो, बराच फरक आहे, नाही का?" असं मलाच विचारत. बाईंनी तर कंबरेवर हात ठेवून सांगितलं, "लिही, शून्य." आणि येत्या रविवारी सगळ्या गल्लीला चहाला बोलावलं. साबुदाणा वडे करणार होत्या.

शुक्रवारी ऑफिसात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चाचणी पुढे ढकलली होती. विमानांना रस्ता सांगणाऱ्या लोकांचे कॉम्प्युटर तयार नव्हते. एकही विमान अजून नव्या पद्धतीनं आलेलं नव्हतं. लोकांना तसं कळवायचं पत्रक सोमवारी निघणार होतं. "मग तुमच्या गल्लीचा वैताग कमी कसा झाला?" साहेबांनी विचारलं. मी कपाळाला हात लावला. गल्लीचं मला कळत होतं. चांगलं होणार असं विश्वासातल्या माणसानं सांगितलं की अर्धा त्रास तिथेच जातो, आमच्या धंद्यात हे जुनंच आहे. पण बाईंना कुणी सांगितलं होतं? बाईंनी तर स्वतः ऐकलं होतं.

ट्रेनमध्ये मनात पाल चुकचुकत राहिली. ती बेल. तो न उचललेला फोन. घरी येऊन सांगायचं ठरवलं आणि दारात दाण्यांचा खमंग वास आला, बाई गाणं म्हणत रविवारच्या वड्यांसाठी दाणे भाजत होत्या. चाचणी झालेली नाही, हे सांगायचं म्हणजे तुमचे कान गेले हेही सांगायचं, आणि तेही सांगायचं म्हणजे मँचेस्टर. मी पर्स ठेवली आणि भाजलेले दाणे सोलायला बसले.

रविवारी सकाळी वारा पूर्वेचाच होता. बाई ब्रेडचा तुकडा आणि पाण्याचं भांडं घेऊन मागच्या दारात उभ्या. मी सिंकपाशी. मुंबईचं विमान आलं. गुरगुरलं, बसलं, परत गुरगुरलं. पाय काढले, खिडकीची सैल काच थरथरली. बाई तशाच उभ्या. मान किंचित कलती करून वाट बघत.

"आज उशीर दिसतोय मुंबईला," त्या म्हणाल्या.

कुंपणापलीकडून आजोबांनी हात उंच केला. त्यांना काही माहीत नसावं, असं मला वाटलं. "डॉक्टर! तुमची मुंबई!" म्हणाले आणि बोट वर दाखवलं.

बाईंनी वर बघितलं. त्या घरात राहायला लागल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच वर बघताना पाहिलं. विमान बरोबर डोक्यावर होतं, मोठं, सपाट चाललेलं, चाकं खाली लोंबत असलेलं. बाई ते जाईपर्यंत बघत राहिल्या.

"पाय बाहेर आहेत," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुला ऐकू आले?"

"आले."

"गुरगुरलं?"

"दोनदा."

"जिन्यानं."

"हो, डॉक्टर. चाचणी सुरूच झालेली नाही अजून. पुढे ढकललीय."

बाईंनी मान हलवली. निदान ऐकल्यावर डॉक्टर हलवतात तशी. मग विंडसरकडे लहान होत चाललेल्या विमानाच्या दिशेनं तुकडा ओवाळला, पाणी फिरवलं, दोन्ही गवतात टाकलं. मला मात्र रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

खुर्चीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे अख्ख्या गल्लीला मीच भूल दिली की गं. माझं उत्तर खोड आधी. ते शून्य खोटं आहे."

चहा रद्द केला नाही. सगळे जमल्यावर, वड्यांचं ताट हातात घेऊनच त्यांनी सांगून टाकलं. "विमानं बदललेली नाहीत. मी बदलले आहे. माझ्यावर विसंबून ज्यांनी या मुलीला कमी आकडा सांगितला, त्यांनी कृपा करून परत ऐका आणि परत सांगा." यावर इंग्रज माणसं जशी ताटलीत बघतात तशी ती ताटलीत बघायला लागली. मग कुणीतरी म्हणालं, वडे अप्रतिम झालेत. आजोबा फोन चाळवत खाली बघत होते. त्यांना ॲपवर सगळं दिसत होतं, आठवडाभर. "तुम्ही इतक्या आनंदात होतात, डॉक्टर," ते पुटपुटले. "पुढच्या वेळी वाईट बातमी सरळ द्यायची," बाई म्हणाल्या. "मी लोकांना आयुष्यभर दिलीय. मला घेता येते." आणि त्यांच्या ताटलीत आणखी एक वडा वाढला.

संध्याकाळी त्यांनी स्वतः मुलीला फोन लावला, स्पीकर पूर्ण मोठा करून. "डील म्हणजे डील. माझे कान गेले. कधी येतेस न्यायला?"

मुलगी बोलायला लागली तेव्हा आवाज भिजलेला होता. "आई, कान गेला तर मशीन लाव ना. मी असं नाही म्हणत की लगेच... मला फक्त काळजी होतो."

"काळजी होते," बाई म्हणाल्या, पण यावेळी हळू.

मुलगी आली, आईला त्यांच्याच जुन्या हॉस्पिटलात घेऊन गेली. दोन्ही कानांना मशीन लागलं. "आता तुझी पण ट्रायल," मुलीनं बजावलं. "समर संपेपर्यंत. बेल, फोन, अलार्म, सगळा टेस्ट. मग ठरवू."

बेल, फोन, अलार्म यांत बाई पास झाल्या. पण खरं दुखणं वेगळंच निघालं. मशीन लावल्यावर किटली आगगाडीसारखी वाजायला लागली, चिप्सचं पाकीट उघडलं की त्या दचकत, स्वतःच्या सपाता त्यांना सहन होईनात. आणि विमानं? "सगळं ऐकू येतं गं," त्या म्हणाल्या. "पण विमान आलं एवढंच कळतं. कसं आलं, ते कळत नाही. हा कुणा दुसऱ्याचाच कान आहे." घर राहिलं होतं आणि कान आलाही होता, पण ज्याच्या जोरावर त्या त्या बागेत खुर्ची टाकून बसत, ते हरवलं होतं. म्हाताऱ्या माणसाचा इतका उतरलेला चेहरा मी फार पाहिलेला नाही.

पण स्वस्थ बसतील तर त्या बाई कसल्या! उन्हाळाभर आजोबांची शिकवणी लावली. बाई डोळे मिटून म्हणत, "जिना?" आजोबा फोन बघून म्हणत, "उतार, डॉक्टर. सॉरी." बाई उठून चहा करायला जात. त्या उन्हाळ्यात बाईंनी पुष्कळ चहा केला, आलं घालून, उकळून. आजोबांना असाच चहा फार आवडतो, हे त्यांनी पैज हरण्याच्या सगळ्या वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं.

गंमत म्हणजे शेवटी मँचेस्टरला मीच गेले. तिथे चांगली नोकरी मिळाली, वैताग मोजायचं काम सुटलं. निघाले त्या दिवशी बाई अजून चहाच करत होत्या. मी हातावर दही घेतलं, नमस्कार केला. "जाऊन ये," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या मुलीकडे दात दाखवायला जा. तिला मराठी बोलायला कुणी नाही."

त्यानंतर वर्षानं नाशिकला भावाच्या लग्नाला जाऊन परत येत होते. मुंबईहून लंडन, तिथून पुढे ट्रेन. बाईंना तारीख कळवून ठेवली होती. सकाळी विमान खाली यायला लागलं आणि खिडकीतून थेम्सची वळणं ओळखीची दिसली. म्हणजे वारा पूर्वेचा. म्हणजे खाली मेडनहेड. मी डोळे मिटले. विमान सपाट झालं, इंजिन गुरगुरलं. थोडं खाली बसलं, परत गुरगुरलं. मग पायांखालून धडधडत काहीतरी उघडलं आणि वारा घोंघावायला लागला. पायलटचा राग आला मला. इतके दिवस दुसऱ्यांचा वैताग लिहून घेतला, आणि आज मीच तो लोकांच्या कौलांवर सांडत चालले होते.

पासपोर्टच्या रांगेत फोन सुरू केला. बाईंचा मेसेज येऊन पडला होता.

'आलीस. जिन्यानं आलीस. पायही लवकर काढले मेल्यानं. आजोबांना विचारून घेतलं, बरोबर आहे, चहा ते करतायत. तुकडा टाकला तुझ्यावरून. वैताग लिहून घे, शून्य. हे शून्य खोडायचं नाही.'

ते काम सोडून मला वर्ष झालं होतं. तरी लिहून घेतलं.